तिला काहीच आठवणार नाही

या उन्हाळ्यात एक वाक्य मी निदान वीस वेळा ऐकलं असेल. "एवढ्याशा पोरीला घेऊन कुठे भटकतेस? तिला काय आठवणार आहे?" सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, फोनवर आई म्हणाली, बसमध्ये शेजारी बसलेल्या, आधी कधी न पाहिलेल्या बाईसुद्धा म्हणाल्या.

लेक सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही दादरला राहतो. मे महिन्यातली मुंबई कशी असते हे वेगळं सांगायला नको. पारा पस्तिशीच्या आसपास असला, तरी हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. त्यामुळे उन्हाबद्दलची काळजी मी लगेच मान्य केली आणि वेळा ठरवून टाकल्या. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं, नऊच्या आत घरी. मग एकदम पाचनंतर. सोबत पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, जी ती दर दोन मिनिटांनी काढून फेकते. एवढ्या वेळात जे जमेल ते: शिवाजी पार्क, दादर चौपाटी, माटुंग्याचं फाइव्ह गार्डन, एखाद्या रविवारी दुमजली बसचा वरचा मजला.

वाक्याचा दुसरा भाग मात्र डोक्यातून जाईना. आठवणार नसेल, तर न्यायचं कशाला? प्रश्न बोलता बोलता विचारलेला असतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. जे आठवणीत राहत नाही, त्याला किंमत असते का?

०००

लोक म्हणतात ते खरं आहे, हे आधीच मान्य करू. तुम्ही स्वतःची सगळ्यात जुनी आठवण शोधून पाहा. बहुतेकांची ती तीन-साडेतीन वर्षांच्या वयापेक्षा मागे जात नाही. त्याआधीचं काही आठवतंय असं वाटलं, तरी ते बऱ्याचदा फोटो पाहून किंवा घरच्यांच्या तोंडून ऐकून तयार झालेलं असतं. बालपणीच्या या विसरण्याकडे फ्रॉइडने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लक्ष वेधलं होतं, आणि तेव्हापासून त्यावर अभ्यास चालू आहे.

गंमत अशी, की लहान मुलांना त्या वयात काही आठवत नाही, असं मुळीच नाही. महिन्याभरापूर्वी आम्ही राणीच्या बागेत गेलो होतो. तिथे २०१६ साली सोलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांचं कुटुंब गारेगार काचघरात राहतं आणि आपण बाहेर घाम पुसत त्यांना बघतो. एका पेंग्विनाने पाण्यात उडी मारली. लेकीच्या मते तो पडला. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पेंगी धप्प!" ही आठवण आणखी वर्षभर टिकेलही. पण ती आठ-नऊ वर्षांची होईल, तोवर बहुधा विरून गेलेली असेल.

टोरांटोमधले संशोधक पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसलिन यांनी २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून याचं एक कारण सुचवलं. आठवणी साठवण्याच्या कामात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा असतो. अगदी लहान वयात तिथे नव्या पेशी इतक्या झपाट्याने तयार होतात, की आधीच्या जोडण्या विस्कटतात. पिल्लांमध्ये हा वेग कमी केला, तर त्यांच्या आठवणी जास्त काळ टिकल्या. माणसाच्या बाळातही असंच होत असेल, तर माझी लेक वाढतेय म्हणूनच विसरणार आहे. बदामाची खीर देऊन यावर इलाज होणार नाही.

०००

"तिला काय आठवणार?" यावर आम्ही आईबाप सहसा तीन उत्तरं देतो.

पहिलं उत्तर गुंतवणुकीचं. आठवलं नाही तरी मेंदूचा विकास होतो, शब्द वाढतात, धीट होते. हे खरंच आहे. पण समजा, उद्या कुणी सिद्ध केलं की सकाळी झाडाखाली फिरल्याने बुद्ध्यांक एका अंकानेही वाढत नाही, शाळेत फायदा नाही, पुढे नोकरीत तर नाहीच नाही. मी फिरायला नेणं बंद करेन? नाही करणार. म्हणजे मला तिला न्यावंसं वाटतं, त्याचं खरं कारण हे नाही. लोकांना गप्प करायला ते बरं पडतं, एवढंच.

दुसरं उत्तर फोटोंचं. मोठी झाली की बघेल. माझ्या फोनमध्ये या एका महिन्याचे चारशेहून जास्त फोटो आहेत, तेव्हा मी कुणाला नावं ठेवणार? पण पंधरा वर्षांनी ती जे बघेल, ते मला दिसलेलं असेल. ती तेव्हा वाळूत बोट खुपसून काय शोधत होती, ते त्यात नसेल. शिवाय फोटोसाठी "इकडे बघ" म्हणावं लागतं, आणि इकडे बघायला तिला खेकड्याच्या बिळातून डोकं वर काढावं लागतं. पुढे दाखवायच्या आनंदासाठी समोर चाललेला आनंद थांबवायचा, हा व्यवहार मला अजून पटलेला नाही.

तिसरं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. हे सगळं आईबापांच्या हौसेसाठी असतं. थोडं असतंही. तिला फिरवताना मी स्वतः पंधरा वर्षांनी सोनमोहराखाली उभी राहिले. खाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या ती दोन्ही हातांनी उधळत होती आणि मला ऑफिसची मेल आठवली नाही. पण सगळंच माझ्यासाठी असतं, तर मी एकटीही गेले असते, आणि तेही निवांत.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. तिचा आजचा आनंद कुठेतरी दुसरीकडे जमा करायचा: तिच्या भविष्यात, फोनमध्ये किंवा माझ्या खात्यात. तो जिथे आहे तिथे, तिच्यापाशी, आत्ता मोजायचाच नाही.

०००

डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ एक कल्पना करायला सांगत. सुट्टी संपताना तुमचे सगळे फोटो नष्ट होणार आहेत आणि सुट्टीची आठवणही पुसली जाणार आहे. तरी तुम्ही तीच सुट्टी निवडाल का? पुष्कळ जण अडखळतात. आठवायचं नसेल तर एवढा खर्च कशाला, असं वाटतं. आनंदाच्या बाबतीत आपण पटकन असा हिशेब करतो.

आता हाच प्रश्न दुखण्याबद्दल विचारून पाहा. एखाद्या बाळाला चिमटा काढला आणि म्हटलं, "त्याला कुठे आठवणार आहे?" तर ऐकणारा आपल्याला उभं करणार नाही.

ही नुसती कल्पना नाही. विसाव्या शतकात बराच काळ, अगदी १९८०च्या दशकापर्यंत, नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या काही शस्त्रक्रिया अपुऱ्या किंवा नगण्य भुलीवर होत असत. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध दिलं जाई, वेदना थांबवणारं पुरेसं औषध मात्र नाही. डॉक्टर क्रूर होते असं नव्हे. भुलीचं औषध बाळाला झेपणार नाही ही भीती होती. त्याची मज्जासंस्था कच्ची असल्यामुळे त्याला फारसं दुखत नसावं, असा समज होता. आणि दुखलं तरी ते त्याला आठवणार नाही, हाही विचार त्यामागे होता. इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर ही पद्धत बदलत गेली.

हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो. तो काटा महत्त्वाचा आहे. त्या बाळांपैकी कुणालाही मोठेपणी ती शस्त्रक्रिया आठवत नसणार. तरी आपण म्हणतो, त्यांना दुखलं आणि ते वाईट झालं. पुढे काही परिणाम झाला की नाही, हे कळायच्या आधीच आपण ते म्हणतो.

मग विसरलेलं दुखणं जर दुखणंच असेल, तर विसरलेला आनंद आनंद का नाही? एका बाजूला आठवणीची अट नको आणि दुसऱ्या बाजूला हवी, असं करता येणार नाही. माझ्या मते काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. तिला आठवणार नाही, हे खरं. त्यामुळे आजची सकाळ कमी खरी ठरत नाही.

०००

यावर एक मैत्रीण म्हणाली, "मग फोन दे ना हातात. तीही खूश, तूही निवांत." आक्षेप रास्त आहे. क्षणाचा आनंदच मोजायचा, तर कार्टूनने काय घोडं मारलंय?

मी असं म्हणत नाही की पुढचा विचार करूच नये. डोळे, झोप, दात, सगळ्याचा विचार आईबापांना करावाच लागतो. माझं म्हणणं इतकंच आहे, की आजच्या दिवसाची किंमत फक्त पुढच्या उपयोगावर ठरवू नये. आणि आनंदात फरक असतो, तो मी रोज बघते. फोन काढून घेतला की ती रडते. समुद्रावरून उचलून आणलं तरी रडते, पण घरी येताना वाळूचा ओला हात माझ्या गालावर पुसते आणि कुत्रा दिसला की हसते. समुद्राने तिला जगाकडे वळवलेलं असतं.

तिच्यासोबत शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने दोनशे मीटर चालायला पाऊण तास लागतो. गटाराचं झाकण, त्यावरची भोकं. माळीदादांच्या पाइपातून उडणारं पाणी. ताडगोळेवाल्याचा कोयता, आणि तो थांबला की तिचं "पुन्ना!" मोठ्यांच्या मते बघण्यासारखं असतं ते ती बघतच नाही. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून घारापुरीला 'एलिफंटा' नाव पडलं, तोच हा. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. मी हे सगळं मनात घोळवत उभी होते. ती त्याच्यासमोर पाय रोवून म्हणाली, "हत्ती, चल!" दोन मिनिटं वाट पाहिली. तो चालला नाही. तिचं काही बिघडलं नाही, शेजारी मुंग्यांची रांग होती.

"पुन्ना" हा तिचा या उन्हाळ्यातला सगळ्यात लाडका शब्द आहे. घसरगुंडी पुन्ना, लाट पुन्ना, कोकम सरबत पुन्ना. आनंद झाला की मोठ्या माणसाला तो जपून ठेवावासा वाटतो. तिला तो परत करावासा वाटतो.

रशियन विचारवंत अलेक्झांडर हर्झेन यांनी १८४८च्या फसलेल्या क्रांत्यांनंतर लिहिलेल्या एका पुस्तकात याच अंगाने विचार मांडला होता. मूल मोठं होतं, म्हणून मोठं होणं हाच त्याचा हेतू असं आपण धरून चालतो; पण शेवटाकडेच बघायचं ठरवलं, तर सगळ्याच जगण्याचा हेतू मरण ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८५१ साली त्यांचा लहान मुलगा कोल्या आणि त्यांची आई जहाज बुडून गेले. कोल्या सात वर्षांचा होता. त्याचं बालपण ही पूर्वतयारी होती असं मानलं, तर ती तयारी वाया गेली म्हणावं लागेल. कोणत्या बापाला असं म्हणता येईल?

०००

इथपर्यंत विचार करून मी जरा समाधानात होते. मग कट्ट्यावर एका ताईशी बोलणं झालं.

ती समोरच्या इमारतीत एका घरी मूल सांभाळते. चोवीस-पंचवीसची असेल, पाटणकडची. तिच्याकडचा मुलगा आणि माझी लेक एकाच बादलीवरून भांडतात, त्यामुळे आमची ओळख. तिचा स्वतःचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, गावाला, तिच्या आईकडे. मी विचारलं, भेट कधी होते?

"मागच्या महिन्यात गेलते. जवळच येईना. आजीच्या मागं लपला. विसरला मला." मग बादली दोघांच्या मधोमध ठेवत म्हणाली, "दुसऱ्या दिवशी आला मांडीवर. तिसऱ्या दिवशी माझी बस होती."

तिला काय सांगावं, मला सुचलं नाही. आत्ताच जुळवलेलं तत्त्वज्ञान ओठांवर होतं: तू त्याला थोपटलंस त्या रात्री खऱ्याच होत्या, तो विसरला तरी. ते खोटं नाही. पण तिला ते सांगणं म्हणजे स्वस्तात सुटणं झालं असतं. कारण माझा युक्तिवाद खरा असेल, तर तो दोन्हीकडे लागू होतो. विसरला जाणारा आनंद मोजायचा, तर विसरली जाणारी उणीवही मोजावी लागते. त्या मुलाला ही दोन वर्षं आठवणार नाहीत. पण आज संध्याकाळी आई नाही, हे आज आहे.

"लहान आहे, विसरेल" हे वाक्य आपल्या शहराच्या फार कामाचं आहे. आपली घरं, ऑफिसं, बांधकामं चालतात त्यात कितीतरी आयांचं दूर असणं धरलेलं आहे, आणि ते मुलाला आठवणार नाही म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. चांगलंच झालं. पण चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर ही आस्थापना नसते. तिथे काम करणारी बाई कायद्याच्या या ओळीत बसत नाही.

मी यातलं काय बदलू शकते, याची यादी लहान आहे. पण यापुढे "त्याला काय आठवणार" हे मी तिच्या मुलाबद्दल कुणाला म्हणू देणार नाही.

०००

शहराकडेही मी आता याच नजरेने बघते. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. त्याला मत नसतं, पगार नसतो, तक्रार करायची भाषा नसते. आणि नंतर सांगायला आठवणही नसते. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम १.२४ चौरस मीटर, हा विकास आराखड्याच्या चर्चेत सतत येणारा आकडा आहे. नगररचनेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना माणशी दहा-बारा चौरस मीटर असावी असं सांगतात. सव्वा चौरस मीटर म्हणजे लेकीच्या गादीएवढी जागा. त्यात घसरगुंडी, झाड आणि आजोबांचा बाक बसवायचा आहे.

लेकीचं नाक जमिनीपासून अडीच फुटांवर असतं. तापलेल्या डांबराच्या आणि गाड्यांच्या सायलेन्सरच्या ती माझ्यापेक्षा कितीतरी जवळ असते. फुटपाथ तुटलेला असेल तर मी तो ओलांडते, तिच्यासाठी तो डोंगर असतो. एक झाड तोडलं, तर मला वळसा पडतो, तिची सकाळ अर्ध्या तासाने आखडते. तेवढ्यात दुसरा पर्याय तयारच असतो: मॉलमधली तासावर पैसे घेणारी खेळायची जागा, थंडगार, रबरी फरशीची. ज्याला परवडतं तो जाईल. कट्ट्यावरची ताई तिच्या मुलाला कधी मुंबईत घेऊन आली, तर तिला झाडच लागेल.

जे आठवणार नाही, दाखवता येणार नाही, कुठे जमा होणार नाही, ते देण्यात माणसाचा आणि शहराचा कस लागतो असं मला वाटतं. सावली ही अशीच गोष्ट आहे. कुठल्या दिवशी कुठल्या झाडाखाली बसलो होतो, हे आपल्यापैकी कुणाला आठवतं? म्हणून सावली वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

पाऊस यायला अजून तीनेक आठवडे आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी दोन-अडीच वर्षांचं कुणी असेल, तर सकाळी साडेसहाला बाहेर काढा. पाणी घ्या, टोपी घ्या, घाई घरी ठेवा. साडेआठनंतर ऊन चढायला लागतं.